सात तलाव, चिमट्यांचे नळ

परळ, मुंबई

प्रिय मेधा,

तुझा तणतणलेला मेसेज वाचला. रात्री बारापर्यंत जागून तू सूर्यमाला चिकटवलीस, चिरंजीव शेजारी घोरत होते, आणि वर त्यांच्या वहीत शेरा 'उत्तम'! "तुम्ही शिक्षक लोक हे प्रकल्प नक्की कोणाला देता?" असं विचारलंयस. फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र.

आधी तुझी बाजू घेते. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून आमच्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता करायच्या, नोंदींच्या तक्त्यात निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी असे रकाने असतात. नुसत्या पेपरवर मूल जोखू नये, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पण रकाना म्हटला की तो भरायचा असतो. प्रकल्प घरून आला की बाईंचा रकाना भरतो, स्टेशनरीवाल्याचा गल्ला भरतो आणि आईची रात्र जाते. म्हणून माझ्या वर्गात प्रकल्प घरी न्यायची बंदी आहे. वर्गात सुरू होतो, वर्गात संपतो. अर्धवट राहिला तर अर्धवटच भिंतीवर लागतो. पालकसभेत यावर नाकं मुरडली जातात, मुरडू देत.

आता गटकार्याचं. चौथीचा माझा पट चाळिसाच्या वर, बाकं जोडून सहा-सात मुलं बसवली की बाहेरून फार छान दिसतं. आत काय चालतं ते सांगू? एक मुलगी लिहिते, एक मुलगा तिला सांगतो, दोघं स्केचपेनांवरून भांडतात आणि उरलेले खिडकीतून उड्डाणपुलावरच्या गाड्या मोजतात. यात मुलं आळशी आहेत असं नाही. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला. १९१३ मध्ये ते छापून आलं. माणसं वाढतात तसा माणशी जोर कमी होतो, आठजण ओढायला लागले की जवळपास निम्म्यावर येतो. मोठी माणसं दोराच्या मागे लपतात, तर नऊ वर्षांच्या पोरांनी चार्टपेपरच्या मागे का लपू नये?

तेव्हा लपायला जागाच राहणार नाही असं काम शोधायचं. यंदा मी पाणी घेतलं. पावसाळ्यात आमच्याकडे पेपरात रोज तलावांची पातळी छापून येते, आणि पोरांच्या घरी पाणी पहाटे येतं, त्यामुळे हा विषय कोणालाच परका नाही.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात: ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. मी सात-सातचे गट केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तलाव वाटून दिला. मग सगळे 'तानसा' एका कोपऱ्यात, सगळे 'विहार' दुसऱ्या कोपऱ्यात. तिथे मी लिहिलेला कागद वाचायचा, नकाशात तलाव शोधायचा, आपापसात समजून घ्यायचं आणि मूळ गटात परत जाऊन बाकीच्या सहाजणांना सांगायचं. ही काही माझी अक्कल नाही. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला ही पद्धत काढली. तिथे गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात नुसती धुसफूस चालली होती. त्याने केलं एवढंच, की धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाच्या हाती दिला. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडेच आपल्याला हवी ती माहिती, मग बोलणार नाही तर करणार काय! आणि गट सातचा असला तरी इथे दोर एक नसतो. प्रत्येकाचा दोर वेगळा, तो सोडला की सगळ्यांना दिसतं.

दिसलंच. एका गटातला 'तानसा' गैरहजर होता. गावाला गेला होता, पाटी कोरी. त्या गटाने आधी माझ्याकडे पाहिलं. मी वही तपासत असल्याचं सोंग घेतलं. मग दोघं उठून शेजारच्या गटात गेले आणि त्यांचा तानसा उसना मागू लागले. शेजाऱ्यांनी फुकट दिला नाही हं. 'आम्हाला तुमची कात्री द्या' म्हणाले. परळची पोरं ती!

कात्री लागत होती कागदाच्या पट्ट्यांसाठी. प्रत्येक तलावात पाणी किती मावतं ते मी हजारात करून दिलं होतं. तुळशी ८ हजार दशलक्ष लीटर, विहार २८, मोडक सागर १२९, तानसा १४५, मध्य वैतरणा १९४, ऊर्ध्व वैतरणा २२७ आणि भातसा ७१७. आठ हजाराला एक सेंटिमीटर धरायचा आणि तेवढी पट्टी रद्दीच्या पेपरातून कापायची. म्हणजे आठने भागाकार. एरवी भागाकार म्हटला की पोटात दुखणारी पोरं त्या दिवशी बाकी उरते तिचं काय करायचं यावर हमरीतुमरीवर आली होती. तुळशीची पट्टी निघाली एक सेंटिमीटर, नखाएवढी. भातसाला पेपर पुरेना, जोड द्यावा लागला, जवळपास नव्वद सेंटिमीटर! सगळ्या पट्ट्या एकापुढे एक लावल्या तर त्यातली अर्धी लांबी एकट्या भातसाची. तुळशीवाल्यांचे चेहरे पडले. "बाई, आमचा तलाव एवढासाच?" मी म्हटलं, मुंबईला रोज साधारण चार हजार दशलक्ष लीटरच्या जवळपास पाणी लागतं, तुम्हीच बघा तुमचा किती दिवस पुरतो. दोन दिवस. त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "पण आमचा मुंबईतच आहे, नॅशनल पार्कात. तुमच्यासारखा शहापूरला नाही." भातसावाले गप्प.

पण मला तुला खरं सांगायचंय ते नळ्यांचं. इथे गट चारचाच ठेवला, कारण एका बाटलीभोवती चारापेक्षा जास्त डोकी मावत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून फिशटँकची पारदर्शक नळी आणली, तुकडे जोडायला टी आकाराचे जोड आणले, बाटल्यांना भोकं मी तापल्या टोच्याने पाडून दिली, सांध्यांना एम-सील. नळ म्हणून कपड्यांचे चिमटे: चिमटा लावला की नळ बंद, काढला की चालू. काम असं: बाकावर इमारत समजून तीन मजल्यांवर तीन नळ करायचे आणि बाटलीतलं पाणी तिन्हीकडे पोचवायचं. कामं वाटलेली: एक बाटली धरणार, एक चिमटे सांभाळणार, एक पेल्यातलं पाणी मोजणार, एक लिहिणार. घंटा वाजली की अदलाबदल. गटप्रमुख नाही. मला गटप्रमुख हा प्रकार मुळीच आवडत नाही. एकाला मॉनिटर केलं की बाकीचे तिघे सुटले.

पहिल्या तासाला वर्गाचं तळं झालं. कोणाच्या नळीत हवा अडकली, कोणाचा सांधा गळतोय, कोणी तिसऱ्या मजल्याचा नळ बाटलीच्याही वर बांधून पाणी का येत नाही म्हणून बाटलीवरच रागावलेलं. मजा अशी, की कोणी माझ्याकडे "बाई, बरोबर आहे का?" विचारायला आलं नाही. गणित सोडवलं की रांग लागते बघ माझ्या टेबलाशी, तशी रांगच नाही. पाणी आलं तर बरोबर, नाही आलं तर चूक. त्यात बाईंचा वशिला चालत नाही. आणि म्हणूनच भांडण एकमेकांशी कमी आणि नळीशी जास्त. बाई निकाल देणार असल्या की मुलं एकमेकांची चूक दाखवायला टपलेली असतात. इथे चूक सगळ्यांच्याच पायावर सांडते.

एका गटात मोठी गंमत झाली. वरच्या नळाला छान धार होती. खालचा चिमटा काढला आणि वरची धार तुटली. लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं, हिने बाटली हलवली. बाटलीवाली म्हणाली, मी हात पण नाही हलवला. खालचा पुन्हा बंद केला, वर पाणी आलं. सोडला, गेलं. तेवढ्यात चिमटेवाली, जी आमच्या वर्गातली कजाग म्हणून प्रसिद्ध आहे आणि जिला गटात घ्यायला कोणी राजी नव्हतं, ती म्हणाली, "हे तर आमच्याकडे रोज होतं. खालच्या काकी पहाटे नळ सोडून ठेवतात, मग आमच्या मजल्यावर नुसती सूं सूं. मम्मी वरून ओरडते तेव्हा बंद करतात." मग तिनेच बाटली धरणारीला बाकावर उभं केलं. बाटली उंच गेली आणि खालचा नळ चालू असतानाही वर पाणी आलं. बारीक, पण आलं.

त्या क्षणी मी विचारलं, "हँगिंग गार्डनला गेलायत ना? म्हातारीच्या बुटासमोरचं? त्या बागेच्या खाली काय आहे माहितीये?" पाण्याची मोठी टाकी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पण ती मलबार हिलवरच का बांधली, हे विचारायच्या आतच अर्धा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन गेल्या. आवाजाबद्दल मला नेहमीच ऐकून घ्यावं लागतं, आता सवय झालीय.

तू म्हणशील, हे सगळं परदेशी पुस्तकातलं. छे गं! बालवाड्या चालवणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून डहाणूकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काय करत होत्या? महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, दगड, पानं, जे आसपास मिळेल त्याची साधनं केली. डी.एड.ला आम्ही त्यांच्यावर टीप लिहून मार्क घेतले आणि नोकरी लागल्यावर चार्टपेपर आणायला पळालो.

अडचणी नाहीत असं नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात नळ्या जोडून होतात तोवर घंटा होते. निवडणुकीचं काम आलं की आठवडा जातो, पोर्शन मागे पडतो. आणि काही मुलांना हे सोसत नाही. माझ्याकडे एक आहे, एकटा बसला की सुंदर काम करतो, चौघांत गेला की कान झाकून घेतो. त्याला मी बळजबरी करत नाही. त्याने एकट्याने सगळ्या गटांच्या मोजमापांचा तक्ता केला, तो भिंतीवर आहे. सगळ्यांनी सदासर्वकाळ गटात राहिलंच पाहिजे असा हट्ट मला तरी मान्य नाही.

तर तुझ्या लेकाच्या बाईंना भांडायला जाऊ नकोस. एवढंच विचार, की पुढचा प्रकल्प वर्गात करता येईल का, सामान आम्ही पालक देतो. सामान म्हणजे नळी, चिमटे आणि एक फडकं. फडकं विसरू नकोस.

आणि एक काम आहे. मुलांना आता भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र बघायचंय, परवानगीसाठी अर्ज त्यांनीच लिहिलाय. 'आम्ही कशालाही हात लावणार नाही' हे वाक्य घालायचं की नाही यावर मतदान झालं आणि वाक्य पडलं. तुझे दीर महापालिकेत आहेत ना, अर्ज नक्की कोणत्या खात्याकडे द्यायचा ते विचारून या रविवारपर्यंत कळव. काकूंना नमस्कार, लेकाला पापा.

तुझी,
वैशू