नोटा धुऊ नका, थुंकी लावणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथीची बातमी आली की नोटांचे हाल सुरू होतात. 2020 मध्ये घरोघरी नोटा साबणाच्या पाण्यात बुडवल्या गेल्या, दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या गेल्या, इस्त्रीखाली गेल्या. दुकानांच्या गल्ल्यांवर त्या सॅनिटायझरने चिंब झाल्या. ज्या शहरात 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत, त्या आमच्या नाशिकमध्येही हेच चालले होते. आता 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नाने रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला होतील. ऐन पावसाळा, अफाट गर्दी, पोटाच्या विकारांचे दिवस आणि ओल्या खिशांत भिजलेल्या नोटा. म्हणून बँकांच्या रोख विभागात आयुष्य काढलेले आम्ही काहीजण हे पत्र आताच लिहीत आहोत.

नोटेवर रोगजंतू किती काळ टिकतो, यावर चांगले प्रयोग झाले आहेत. हाँगकाँगच्या संशोधकांना 2020 मध्ये 22 अंश सेल्सिअस तापमानात नोटेवरचा करोना विषाणू दुसऱ्या दिवशी सापडला, चौथ्या दिवशी सापडला नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या प्रयोगात तो 20 अंशांना, अंधारात 28 दिवस टिकला. 40 अंशांना मात्र एक-दोन दिवसांतच संपला. बँक ऑफ इंग्लंडने करवून घेतलेल्या तपासणीत पहिला तासभर फारसा फरक पडला नाही, पण पुढच्या सहा तासांत विषाणू झपाट्याने घटला. तापमान, उजेड आणि मुळात किती विषाणू टाकला, यावर आकडा हलतो. आमच्या कामाचा धडा मात्र 2008 मधल्या स्वित्झर्लंडच्या प्रयोगात आहे. फ्लूचा नुसता विषाणू नोटेवर तीनेक दिवसांत संपत होता. तोच रुग्णाच्या नाकातल्या स्रावात मिसळून लावला, तर काही वेळा 17 दिवसांपर्यंत टिकला. म्हणजे शेंबूड-थुंकीचे पांघरूण मिळाले की विषाणू तग धरतो.

आणि हे पांघरूण आपण स्वतः घालतो. शंभर नोटांची गड्डी हाताने मोजताना सवयीचा माणूस आठ-दहा वेळा अंगठा जिभेला टेकवतो. प्रत्येक वेळी आधीच्या दहा-बारा नोटांवरची घाण तोंडात जाते आणि तोंडातली थुंकी पुढच्या नोटेच्या कोपऱ्यावर बसते. ती नोट दुसरा माणूस नेमकी त्याच कोपऱ्याला धरून मोजतो. गॅस्ट्रो, कावीळ, कॉलरा हे सगळे हातावाटे तोंडात जाणारे आजार. त्यांना यापेक्षा सोपी वाट कोण करून देणार? बाजार समितीत शेतमालाची रोख चुकवती घ्या, पेट्रोल पंप घ्या, एसटीचा वाहक घ्या किंवा पूजासाहित्याचे दुकान. सगळीकडे हाच अंगठा आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे: पाण्याची डबी आणि स्पंज. तो नीट वापरावा मात्र लागतो. डबी पसरट हवी. स्पंज पाण्यात अर्धा बुडेल इतकेच पाणी घालावे. जास्त झाले तर बोट ठिबकते, नोट पाणी पिते, मोजणी यंत्रात दोन नोटा एकत्र सरकतात आणि यंत्र अडते. तशी गड्डी पट्टी लावून तिजोरीत गेली, तर आठवडाभरात कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. पाणी सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर बदलावे. संध्याकाळी स्पंज साबणाने चोळून, पिळून उघड्यावर वाळवावा. तो बुळबुळीत लागू लागला की फेकून द्यावा, कारण तसा स्पंज थुंकीहून बरा नसतो. साथीच्या दिवसांत प्रत्येक खिडकीला वेगळी डबी हवी. ज्यांना पाणी नको त्यांनी अंगठ्याला रबरी टोपी घालावी.

हातमोज्यांचा आग्रह आम्हाला पटत नाही. खोटी नोट आधी बोटाला कळते, मग डोळ्याला. 500 च्या खऱ्या नोटेवर गांधीजींचे चित्र आणि अशोकस्तंभ उठावदार छापलेले असतात, दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या उठावदार रेषा असतात. 100 च्या नोटेवर अशा चार रेषा. मोजा घातला की हा खरखरीतपणा हरवतो आणि गर्दीत खोट्या नोटा सुटतात. शिवाय त्याच मोज्याने माणूस घाम पुसतो, फोन उचलतो. त्यापेक्षा मोजणी संपली की साबणाने हात धुवावेत. साबण यासाठी की गॅस्ट्रोच्या काही विषाणूंवर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही. सॅनिटायझर वापरलाच, तर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत नोटेला हात लावू नये.

आता नोटा धुण्याविषयी. आपली नोट सुती धाग्यांच्या कागदाची असते. ती पाण्यात लगेच विरघळत नाही, म्हणून लोकांना वाटते की धुतली तर काय बिघडले? पण घासल्याने तिचा करकरीतपणा जातो, ती पिंजते आणि बँकेचे सॉर्टिंग यंत्र तिला बाजूला काढते. मायक्रोवेव्हमध्ये नोटेतल्या धातुयुक्त सुरक्षा धाग्यापाशी ठिणगी पडून नोट जळते. 2020 मध्ये दक्षिण कोरियात अशा जळालेल्या आणि वॉशिंग मशीनमध्ये फाटलेल्या नोटा घेऊन लोक मध्यवर्ती बँकेच्या दारात आले होते. अतिनील दिव्याची खोकीही त्या काळात पुष्कळ खपली. त्या दिव्याचा प्रकाश फक्त वरच्या नोटेवर पडतो, गड्डीतल्या खालच्या 99 नोटा अंधारातच राहतात. झाकण उघडे ठेवून वापरला तर डोळ्यांना आणि कातडीला इजा होते, ती वेगळीच.

करायचे ते इतकेच: दिवसभराचा गल्ला कागदी पाकिटात घालून त्यावर तारीख लिहावी आणि तीन दिवस कोरड्या जागी बाजूला ठेवावा. सुटे पैसे देण्यासाठी तीन दिवसांपूर्वीचे पाकीट उघडावे. चिल्लर मात्र खुशाल साबणाच्या पाण्यात धुवावी, नाण्याला काही होत नाही. नोटा स्नानात किंवा पावसात भिजल्या असतील, तर ओल्या असतानाच एकेक सुटी करावी, स्वच्छ सुती कापडावर सावलीत पसरावी आणि वर दुसरे कापड ठेवून हलके दाबावे. वर्तमानपत्रावर ठेवू नये, शाई उतरते. घडी तशीच वाळू दिली तर तिचा गठ्ठा होतो, आणि सुटा न होणारा गठ्ठा साध्या शाखेत बदलून मिळत नाही. जळालेल्या, चुरा होणाऱ्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम (नोटा चलनात आणणाऱ्या) कार्यालयाकडेच जावे लागते, म्हणजे आपल्याला मुंबई गाठावी लागते. दानपेट्या रोज न उघडणाऱ्या देवस्थानांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कुंकू, तेल आणि ओल एकत्र आले की चार दिवसांत नोटांची वीट होते.

खराब नोटा बदलण्याचे नियम खिडकीवर क्वचितच कोणी समजावून सांगते, म्हणून ते लिहितो. मळलेल्या, जीर्ण नोटा दिवसाला 20 नग आणि 5,000 रुपयांपर्यंत व्यापारी बँकेच्या कोणत्याही शाखेत मोफत बदलून मिळतात. त्या शाखेत खाते असण्याची गरज नाही. यापेक्षा जास्त असतील, तर बँक पावती देऊन पैसे नंतर खात्यात जमा करू शकते आणि शुल्कही लावू शकते. नोटेचा तुकडाच गेला असेल, तर मोजमाप लागते. 20 रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून अधिक असेल तर पूर्ण रक्कम, नाहीतर काही नाही. 50 आणि त्यावरच्या नोटेला 80 टक्क्यांहून अधिक भाग असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, त्याखाली शून्य. अशा पाच नोटांपर्यंतचा निर्णय शाखेने खिडकीवरच द्यायचा असतो. तिथे जमत नसेल, तर पावती देऊन नोटा करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या वतीने सांभाळलेला नोटा-नाण्यांचा साठा) असलेल्या शाखेकडे पाठवायच्या आणि 30 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. ‘साथ आहे, फाटक्या नोटा बंद’ अशी पाटी लावण्याचा अधिकार शाखेला नाही.

बँकेच्या आतली अडचण बाहेर कुणाला दिसत नाही, पण साथीत शाखा बंद पडते ती तिच्यामुळेच. स्ट्राँगरूमची किल्ली दोघांकडे असते आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. हे दोघे शेजारी बसतात, एकत्र जेवतात. एक आजारी पडला की दुसराही विलगीकरणात जातो. पैसे आत, शाखेबाहेर रांग आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, असे होते. किल्ल्यांची दुसरी जोडी दुसऱ्या शाखेत ठेवलेली असते, पण ती काढायला वरून परवानगी लागते आणि त्यात दिवस जातो. म्हणून साथ सुरू होताच शाखेने किल्लीधारकांच्या दोन जोड्या पाडाव्यात. त्यांची कामाची पाळी, चहा, जेवण सगळे वेगळे असावे. किल्ली देता-घेता दरवेळी रोख मोजून नोंदवहीत दोघांच्या सह्या व्हाव्यात. घाईत मोजणी टाळली तर पुढे तूट निघते आणि ती कुणाच्या माथी मारायची यावर महिनोन् महिने चौकशी चालते.

शाखेतली रोख तीन दिवस वेगळी ठेवावी, असे सांगणे सोपे आहे. शाखेने किती रोख बाळगायची याची मर्यादा ठरलेली असते, विमाही तेवढ्याचाच असतो. तीन दिवसांचा भरणा अडकवला की मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा मुख्य कार्यालयाकडून वाढीव मर्यादा आणि वाढीव विमा आधी मंजूर करून घ्यायला हवा. साथीत लोक रोख साठवतात हेही विसरू नये. 2020-21 मध्ये डिजिटल व्यवहारांचा एवढा बोलबाला असूनही देशातील चलनी नोटांचे मूल्य 16.8 टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी जीर्ण नोटा नष्ट करण्याचे काम सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे नोटा वाढल्या आणि मळक्या नोटा लोकांच्या हातांतच राहिल्या.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर रोख मिळते ती बँक मित्राच्या (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या) अंगठा यंत्रावर. दिवसभरात तिथे शंभर माणसे एकाच काचेवर बोट टेकवतात, तेव्हा नोटेपेक्षा आम्हाला त्या काचेची काळजी जास्त वाटते. काचेवर फवारा मारू नये, पाणी आत गेले की यंत्र बंद पडते. मऊ कापड अल्कोहोलने ओलसर करून दर माणसागणिक पुसावे. बोट ओले असेल तर ठसा जुळत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा दाबत राहतो. म्हणून आधी हात कोरडा, मग ठसा. एप्रिल 2020 मध्ये जनधन खात्यातील महिलांचे 500 रुपये खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार वाटले होते: 0 आणि 1 ना 3 एप्रिल, 2 आणि 3 ना 4 एप्रिल, आणि असेच पुढे 9 एप्रिलपर्यंत. ती पद्धत चांगली होती. ती गावात दवंडी देऊन सांगितली तरच चालते. फलकावर लावून भागत नाही.

परदेशी भाविकांच्या चलनाबद्दल थोडेच. धुतलेला किंवा डाग पडलेला डॉलर चलन बदलून देणारे घेत नाहीत, कारण त्यांना तो पुढे विकता येत नाही. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन नोटा प्लास्टिकच्या असतात, त्या इस्त्रीने आक्रसतात. साथीमुळे ज्यांचा परदेश प्रवास अर्धवट राहिला, त्यांनी 2,000 डॉलरपेक्षा जास्त रोख परकीय चलन परतल्यापासून 180 दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी परत करावे. पैसे बदलताना प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि गल्लीबोळातल्या जादा भावाच्या मोहात पडू नये.

जिल्हा प्रशासन आणि अग्रणी बँकेकडे (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे) आमच्या मागण्या चारच आहेत. सिंहस्थाच्या काळात रामकुंड परिसर आणि त्र्यंबकेश्वर येथे भिजलेल्या, फाटक्या नोटा बदलण्याच्या खिडक्या उघडाव्यात आणि प्रत्येकीजवळ नळ व साबण असावा. 10, 20 आणि 50 च्या नोटा व नाणी चेस्टमधून आधीच मागवून ठेवावीत, म्हणजे मळक्या सुट्या पैशांची फिरवाफिरव कमी होईल. प्रत्येक शाखेतल्या किल्लीधारकांची दुसरी जोडी जुलै 2027 पूर्वी ठरलेली असावी. आणि बाजार समित्या, पेट्रोल पंप, बस आगार यांना स्पंजाच्या डब्या देऊन त्या वापरायची सवय पहिल्या स्नानाच्या तीन महिने आधीपासून लावावी, कारण अंगठ्याची सवय आठ दिवसांत सुटत नाही.

आपले,
बँकांच्या रोख विभागातील काही निवृत्त कर्मचारी,
नाशिक रोड