रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे आभार

हात टेकून पडलेला रुग्ण, मनगट किंचित सुजलेलं, एक्स-रे स्वच्छ. अशा वेळी क्रेप बँडेज बांधून 'मुरगळलंय' म्हणणं सोपं असतं. कॅज्युअल्टीतल्या या डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात बोट दाबून पाहिलं. रुग्ण कळवळला. त्यांनी स्कॅफॉइडसाठी, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडासाठी, वेगळ्या कोनातून एक्स-रे काढले, तेही स्वच्छच. तरी स्लॅब (प्लास्टरचा अर्धा आधार) घातला आणि कागदावर ठळक लिहिलं: '१० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे.' त्या एक्स-रेत हाडाच्या मध्यावर फ्रॅक्चरची रेघ दिसली.

या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून येतो. फ्रॅक्चर नजरेतून सुटलं, तर कोपराकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो किंवा हाड जुळतच नाही.

सिस्टरांचं काम कागदावर नाही, म्हणून इथे लिहितो. सूज वाढण्याआधी त्यांनी दोऱ्याचे वेढे घालून, साबण लावून बोटातली अंगठी काढली. घाई केली नाही, कापलीही नाही. स्लॅबनंतर नखं दाबून रंग परत येतो का ते पाहिलं, हात उंच ठेवायला उशी दिली आणि बोटं बधिर किंवा निळी पडली तर लगेच परत या, हे नातेवाइकांकडून वदवून घेतलं.

हाडांच्या विभागाकडून दोघांचेही मनापासून आभार.