बाबा, मी दारू गाळत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर दादानं बियरचा विषय काढला आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरगी दारू गाळायला लागली का?" पुढे बोलणं झालंच नाही. तुम्हाला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं. चुकलं माझं.

पण गाळणं वेगळं, बाबा. भट्टीवर रसायन उकळून त्याची वाफ धरतात, ते गाळणं. परवान्याशिवाय ते इथे इंग्लंडमध्येही गुन्हाच आहे. मी करते ते नुसतं आंबवणं. घरच्यापुरती बियर करायला इथे १९६३ पासून परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. गिरणी बंद पडल्यावर आपल्या चाळीतली दोन घरं हातभट्टीपायी बसली, ते मी लहानपणी पाहिलंय. तुमचा धसका मला कळतो.

आई, हे तुझ्यासाठी. दादाच्या इथल्या मित्रांना लग्नाला सोलापूरला येणं जमणार नाही. परत आलो की त्यांना लीड्समध्ये जेवण द्यायचंय, त्यासाठी वीस लिटर बियर लावली. चार किलो बार्ली, मोड आणून वाळवलेली, आणि आपल्याकडची म्हणून एक किलो ज्वारी. इथल्या दुकानातली, मालदांडीची सर नाही तिला.

पहिली खेप फसली. भरडलेली बार्ली ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली की तिच्यातल्या स्टार्चची साखर होते. ज्वारीही मी तशीच कच्ची टाकली. तासाभरानं पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर आयोडीन सोडलं, तर काळंनिळं! म्हणजे स्टार्च शिल्लक. ज्वारीचा कण ७० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट फुलत नाही. तेव्हा तुझ्या ताक-कण्या आठवल्या. "कण्या मऊ होईस्तोवर हात थांबवू नको," म्हणायचीस. दुसऱ्या खेपेला कण्या आधी वेगळ्या शिजवल्या, अर्धा तास ढवळत उभी राहिले, घरभर तुझ्या स्वयंपाकघराचा वास. मग त्या ६६ अंशांवर निववून बार्लीत मिसळल्या. या वेळी बशीतला थेंब तांबूसच राहिला. मी तिथेच ओट्याशी रडले, आई.

सोलापूरच्या घरात यातला थेंबही येणार नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणं गुन्हा आहे. तो नसता, तरी बाबांच्या गळ्यातल्या माळेसमोर मी ती आणली नसती.

पण दादाच्या लग्नात माझ्या हातचं आंबवलेलं काहीतरी असावं असं फार वाटतं. हळदीच्या दिवशी मंडळींना आंबील देऊ या का? वैशाखात ४२ अंशांच्या उन्हातून येणाऱ्याला त्या गार कोल्ड्रिंकपेक्षा आंबिलीनंच बरं वाटेल. आदल्या रात्री ताकात ज्वारीचं पीठ मी कालवीन. सकाळी तू शिजव, लसूण-जिरं तुझ्या हातचं. आचाऱ्याला यातलं काही सांगू नका.

शंभर माणसांना किती पीठ भिजवायचं, तेवढं रविवारी सांग. आणि बाबा, रविवारी फोन तुम्ही उचला.

तुमची,
धाकटी