डावीकडची खिडकी घ्या

सिलीगुडी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

तिकिटं मेलवर मिळाली असतील. सीट मात्र अजून निवडलेल्या नाहीत, कारण "फुकट मिळेल ती घेऊ, दोन तासांचा तर प्रश्न" असं बाबांनी फोनवर जाहीरच करून टाकलं. बाबा, इंदूर-दिल्लीला खुशाल तसं करा. बिजासनची टेकडी काय, आपण नवरात्रात चढतोच. दिल्ली-बागडोगऱ्याला मात्र पैसे मोजा आणि डावीकडची खिडकी, म्हणजे ए, घ्या.

विमान पूर्वेला जातं. म्हणजे डावा हात उत्तरेला, आणि तिकडे अख्खा हिमालय. उजवीकडे बसलात तर गंगेचं मैदान आणि तोंडावर ऊन. डावीकडून बघताना सूर्य पाठीशी राहतो, त्यामुळे शिखरांची आपल्याकडची बाजू छान उजळलेली असते. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, पण दिवस चढला की डोंगरांवर ढग जमतात. म्हणून तर सकाळचं विमान घेतलं आणि तुम्हाला रात्री मावशीकडे राहायला लावलं.

रांगही बघून घ्या. मधल्या रांगांतून खाली नुसता पंख दिसतो. त्याच्या मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेतून सगळं थरथरताना दिसतं. पहिल्या सात-आठ रांगांतली बघा. आणीबाणीच्या दाराशी पाय पसरायला जागा असते, पण तिथे ज्येष्ठांना सहसा बसवत नाहीत.

खिडकी आईला. यावर वाद नको. बाबा पाठ टेकताच घोरायला लागतात, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. मधली सीट अडचणीची, मान्य. पण उठवायला आई शेजारीच असेल.

आई, पहिला तासभर फार काही दिसलं नाही तरी पडदा ओढू नकोस. मग धौलागिरी येईल (8167 मीटर), पाठोपाठ अन्नपूर्णा. एव्हरेस्ट 8849 मीटर, जगात सगळ्यात उंच, पण ओळखायला अवघड. दक्षिणेकडून ते ल्होत्से आणि नुप्त्सेच्या लांबलचक भिंतीमागे दडलेलं असतं, वर फक्त काळपट त्रिकोणी टोक. त्याच्या उजवीकडे सुटा उभा दिसतो तो मकालू. नीट बघून ठेव, नाहीतर रामबागेत सगळ्यांना ल्होत्सेचाच फोटो एव्हरेस्ट म्हणून दाखवत बसाल. कांचनगंगेबाबत हा घोळ होत नाही. ती शेवटी येते, विमान उतरायला लागल्यावर, आणि चांगली ऐसपैस पसरलेली दिसते.

फोटो काढताना फोन काचेजवळ धरा, फ्लॅश बंद.

परतीला सगळं उलटं: उजवीकडची, म्हणजे एफ. बाबा हे नक्की विसरणार, आई तूच लक्षात ठेव.

शेव दोन किलो पुरे, इथे खाणारी मी एकटीच आहे. वेब चेक-इन झालं की बोर्डिंग पासचा फोटो पाठवा. सीट नंबर मी तपासणार आहे.

तुमची लेक