खांदेरी दाखवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

शि. सा. नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या हातात द्यायचं, पण मुद्दाम चारचौघांसमोर ठेवते आहे. ग्वाल्हेरच्या या लश्कर भागातल्या किती घरांना तुम्ही असं शिकवलं असेल आणि किती जणांनी ते मनातल्या मनात ठेवलं असेल! निदान मी तरी तसं करणार नाही.

आम्ही अलिबागजवळचा खांदेरीचा बेटावरचा किल्ला पाहून आलो. पाय आमचे होते, डोळे तुमचे. दौलतगंजातल्या तुमच्या ओसरीवर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर तुम्ही काढलेला नकाशा मुलाने सगळा प्रवासभर जपला. वर मुंबईचं बंदर, उजवीकडे थळचा किनारा, मध्ये धाकटी उंदेरी आणि तिच्यापलीकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला, खांदेरी.

"आधी तिथी बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा," असं तुम्ही बजावलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तुम्ही मुलाला पाऊणकीच्या पाढ्यावरून शिकवलंत. एकादशी, म्हणजे अकरा पाऊण सव्वाआठ. त्या हिशेबाने आम्ही सकाळी थळला पोचलो, तर तुमच्या भाच्याने सांगून ठेवलेले नाखवा होडी घेऊन तयार होते आणि पाणी काठोकाठ भरलेलं. मुलगा घड्याळाकडे बघून ओरडलाच. शाळेत घोकूनही त्याला पाढ्यांची गोडी लागली नव्हती, ती थळच्या धक्क्यावर लागली.

लढाईचं सांगायचं तर, १६७९ हे साल आम्हालाही पुस्तकातून माहीत होतं. शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईचे इंग्रज बिथरले, कारण बंदराच्या तोंडावरच मराठ्यांची चौकी बसत होती. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार नागावच्या बाजूने इंग्रजांवर चालून गेलं, 'डोव्हर' ही त्यांची गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली, इंग्रजांची बाकीची गलबतं पांगली. एकटी 'रिव्हेंज' तोफा डागत टिकून राहिली आणि शेवटी मराठी गलबतांनाच माघार घ्यावी लागली. वाचताना मला नेहमी वाटायचं, मग जिंकलं कोण?

तुम्ही म्हणालात, "त्या दिवसाचं सोड. त्या रात्री बेटावर धान्य पोचलं का, ते विचार."

काकू, हे एक वाक्य मनात घेऊन मी दीपगृहाच्या टेकडीवर उभी राहिले. हे दीपगृह १८६७ सालचं, पण तिथून दिसणारा समुद्र तोच. खांदेरी आणि थळ यांच्यामधलं पाणी उथळ, खडकाळ. इंग्रजांच्या जड जहाजांना ते धोक्याचं आणि वारा पडला की त्यांना जागचं हलताही येत नसे. मराठ्यांची हलकी गलबतं मात्र वल्ह्यांवर चालणारी. इंग्रज पहारा देत राहिले आणि ही गलबतं रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिली. बांधकाम थांबलं नाही. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावली आणि दोन शेजारी बेटं एकमेकांवर तोफा डागू लागली, ती गोष्ट वेगळी. पण खांदेरी उभी राहिली ती वल्हं मारणाऱ्या त्या माणसांमुळे, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तुमच्या गावच्या, किनाऱ्यावरच्या माणसांमुळे. हे तुम्ही एकदाही अभिमानाने सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगते.

बेटावरच्या वेताळाला तुमच्या नावाने नारळ वाढवला. धातूसारखा वाजणारा तो दगड मुलाने मनसोक्त वाजवला. चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफाही पाहिल्या. तट मात्र काही ठिकाणी लाटांनी फार खाल्लाय, बघून जीव तुटला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात खांदेरी आहे. आता तरी त्या दगडांकडे नीट लक्ष पुरवलं जावं, असं मनापासून वाटतं.

पूर्वेकडे सागरगडाचा डोंगर दिसला. 'डोव्हर'वरच्या कैद्यांना तिथे ठेवलं होतं, हे तुम्ही सांगितल्यामुळे आम्ही तिकडे बघितलं तरी! आणि ग्वाल्हेरचा धागा तर तुम्हीच हाती दिलात. दौलतराव शिंद्यांचे मामा बाबूराव आंग्रे, त्यांनी शिंद्यांच्या बळावर अलिबागचा कुलाबा किल्ला घेतला. आपल्या महाराज बाड्याच्या चौकातून रोज येता-जाता आंग्र्यांचं नाव कानावर पडतं, पण त्या नावाच्या मागे समुद्र आहे हे लश्करात वाढलेल्या माझ्यासारखीला कोण सांगणार होतं? समुद्रापासून इतक्या दूर सून होऊन आलात, इतकी वर्षं इथली थंडी आणि इथली लू सोसलीत, आणि तरी भरती-ओहोटीचा हिशेब विसरला नाहीत. त्याचा लाभ आम्हाला झाला.

नाखवांनी तुमची विचारपूस केली. "आत्याला सांगा, एकदा येऊन जा," असा निरोप आहे. गुडघे साथ देत असतील तर दिवाळीनंतर आम्ही तुम्हाला घेऊन जातो. होडीत चढवायची जबाबदारी ह्यांनी घेतली आहे.

आणि एक मागणं आहे. उधाणाची मोठी भरती, भांगाची लहान भरती, वारे, गलबतांचे प्रकार, हे जे तुम्ही बोलता बोलता सांगता ते लिहून ठेवायचं आहे. तुम्ही सांगा, मी लिहीन. येत्या रविवारी दुपारी वही घेऊन येते, चहा मीच करीन.

तुमची,
शेजारची सूनबाई
लश्कर, ग्वाल्हेर