आलेखाखाली एक ओळ हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'चाळीस वर्षांतला सर्वांत उष्ण दिवस' अशा मथळ्याखाली हल्ली छान रंगीत आलेख असतो. आकडे आले कुठून, हे मात्र बारीक अक्षरांतही सापडत नाही. अक्षांश-रेखांश देऊन जुनं हवामान उतरवून घेणं आणि ते डेटा पाइपलाइनमध्ये, म्हणजे आकडे आपोआप पुढे नेणाऱ्या संगणकी साखळीत, सोडणं, हे माझं रोजचं काम. म्हणून लिहिते आहे.

ठिकाण दिलं की त्या जागी मोजलेलं तापमान मिळतं, असा समज आहे. बहुतेकदा तसं नसतं. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ हा सगळ्यांचा लाडका संच घ्या. १९४० पासूनचं तासातासाचं हवामान, जगात कुठलंही. पण त्यात पृथ्वीचे सुमारे ३१ किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि जमतील तेवढी निरीक्षणं संगणकी मॉडेलमध्ये घालून प्रत्येक चौकोनाचा आकडा काढलेला असतो. चौकोनात डोंगर आणि दरी दोन्ही असतील, तर उंची दोघांची सरासरी. हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक पडतो, त्यामुळे माथ्यावरची वस्ती कागदावर चांगलीच उबदार होते. पावसाचं तर विचारूच नका. एका कोपऱ्यात कोसळलेली सर चौकोनभर पसरून रिमझिम होते.

मागितलेल्या बिंदूऐवजी प्रत्यक्षात कुठल्या चौकोनाचा आकडा दिला, त्याचे अक्षांश-रेखांश आणि उंची काही सेवा उत्तरातच कळवतात. पाइपलाइन बांधताना नेमके हेच रकाने आधी गाळले जातात: 'ठिकाण आहेच की आपल्याकडे!' माझं भांडण आहे ते इथे. एकदा रकाना गेला की पुढच्या माणसाला ते वेधशाळेचं मोजमाप वाटतं, आणि तुमच्या वार्ताहरालाही.

बाकी भानगडी किरकोळ, पण चावऱ्या. ईआरए-५ तापमान केल्विनमध्ये आणि पाऊस मीटरमध्ये देतो. नासाच्या 'पॉवर' या हवामान-संचात नसलेल्या नोंदीच्या जागी उणे ९९९ असतं. ते न गाळता सरासरी काढली की भर उन्हाळ्यात हिमयुग अवतरतं. दिवस यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, कापला, तर पूर्वेकडच्या देशांत पहाटेचा पाऊस आदल्या तारखेला जाऊन पडतो. शिवाय ईआरए-५चे ताजे आकडे आधी तात्पुरते येतात, पक्के दोन-तीन महिन्यांनी. म्हणून उतरवल्याची तारीखही जपावी लागते.

मॉडेलचे आकडे टाकाऊ आहेत, असं माझं अजिबात म्हणणं नाही. वेधशाळा दूर असेल किंवा नोंदींत खंड असेल, तिथे त्यांच्याशिवाय निभत नाही. दीर्घकालीन कल दाखवायला ते खुशाल वापरा. पण एखाद्या गावाचा विक्रम जाहीर करायचा, तर तिथल्या केंद्राची नोंद पाहिल्याशिवाय करू नये. आणि प्रत्येक आलेखाखाली एवढं छापावं: आकडे मोजलेले की मॉडेलचे, चौकोन केवढा, कधी उतरवले.

आपली,
एक वाचक (डेटा इंजिनिअर)