वहिवाटीची मोजणी

सातारा,
२४ नोव्हेंबर

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी ज्या दुरेघी वहीत बाराखडी गिरवायचीस, तसल्याच वहीच्या कागदावर हे पत्र लिहितोय. हसू नकोस. या पार्किन्सन्सच्या आजारानं कोऱ्या कागदावर तिसऱ्या ओळीला माझं अक्षर मुंगीएवढं होतं. रेघा असल्या की जरा दबकून राहतं. तरी चार दिवस लागले, कारण सकाळची गोळी चढलेली असते तेवढ्या तास-दीड तासातच लिहितो. फोनवर बोललो असतो, पण मधे तू बोललीस की माझं राहून जातं, आणि हे राहून चालायचं नाही.

भाऊबीजेला तू माझी जी मोजणी केलीस ती खोटी आहे.

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. हॉलच्या फरशीवर तू पिवळी चिकटपट्टी लावलीस आणि मोबाइलचं घड्याळ सुरू केलंस. साडेतेरा सेकंद. 'बाबा, मस्त!' म्हणालीस आणि वहीत आकडा मांडलास. आता ऐक. आदल्या रात्री तू झोपल्यावर त्याच फरशीवर मी सहा फेऱ्या मारल्या होत्या. सकाळची गोळी मुद्दाम पाऊण तास उशिरा घेतली, म्हणजे तुझ्या चाचणीच्या वेळी बरोबर चढेल. खाल्लंही काही नव्हतं, कारण डाळी-उसळीतलं प्रोटीन त्या गोळीची वाट अडवतं हे मला आता पाठ झालंय. तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी ती भांडी जरा जास्तच आपटत होती, ती का, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

बत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून काढली मी. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळी लांब नि साखळी रुंद की एक गुंठा. मोजणीची नोटीस गेली की आदल्या रात्री हद्दीचा दगड हातभर सरकवणारे कब्जेदार किती पाहिले! दगडाच्या बुडाशी माती ओली नि भुसभुशीत दिसली की समजायचं. आणि पोटच्या पोरीसमोर मीच दगड सरकवून बसलो. तुझा चेहरा पडलेला बघायचा नव्हता, दुसरं काही कारण नाही.

तू गेलीस त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माझे पाय चिकटले. हातात चहाचा कप. आईनं आतून विचारलं, 'दूधवाल्याला किती दिले?' उत्तर द्यायला गेलो आणि पाय फरशीत रुतले. वरचं अंग पुढे जातंय, पाय जागेवर थरथरताहेत. चहावर साय धरली तरी मी तिथंच. शेवटी आई आली आणि तिनं आपलं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवलं. ते ओलांडायचं म्हटल्यावर पाय उचलला गेला. गंमत म्हणजे जिना मी अजून सरसर चढतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीनं आपल्या काकांचं हेच पाहिलं होतं. पायऱ्यांवर ठीक चालणारे काका सपाट जमिनीवर अडायचे. तिनं जमिनीवर पायऱ्यांचं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. दवाखान्याच्या खोलीत हे तिला कधी दिसलं असतं का, सांग.

तू ठेवून गेलेले कागद मी वाचले. इंग्रजी डोक्यावरून जातं, पण मोजणी कशी केली ते कळतं. माझ्या आजाराला ज्याचं नाव आहे त्या जेम्स पार्किन्सनचं १८१७ चं पुस्तक मला फार आवडलं. सहाच रोगी, आणि त्यातले तिघे त्याला लंडनच्या रस्त्यावर दिसलेले! एकाला तर त्यानं नुसतं लांबून पाहिलं. त्या माणसाला कोणी आपल्याला बघतंय हे माहीतही नसेल, म्हणजे त्यानं दगड सरकवला नसणार. मुंबईच्या पारशी कॉलन्यांतलं १९८८ चं कामही असंच, दारोदार फिरून केलेलं. १४,०१० माणसांत ४६ जणांना हा आजार सापडला. जागेवर गेल्याशिवाय मोजणी होत नाही, हे आमच्या खात्यात शिपायालाही माहीत असतं.

आता तुझ्या डिझर्टेशनचं, म्हणजे प्रबंधाचं. साठीपुढच्या रोग्यांची चाल नि तोल व्यायामानं किती सुधारतो ते मोजायला तू पन्नास-साठ म्हातारे खुर्चीवर बसवणार. त्यातले निम्मे माझ्यासारखे असतील. पोराटोरांसमोर, त्यातून पांढरा कोट घातलेल्या मुलीसमोर, ताठ चालणारे. सेकंदांच्या आधी त्यांच्या गोळीची वेळ लिही. शेवटची कधी घेतली, पुढची कधी, खाऊन की उपाशी. हे नसेल तर माझे साडेतेरा आणि गोळी उतरल्यावरचे माझेच तीस सेकंद एकाच रकान्यात बसतील आणि तुझ्या गाइडला पत्ताही लागणार नाही.

नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या लोकांनी हे बरोबर ओळखलं होतं. २०१९ साली छापून आलेला त्यांचा अभ्यास तूच खुणा करून ठेवला होतास. १३० रोगी, निम्म्यांना घरी व्यायामाची सायकल, निम्म्यांना अंग ताणायचे व्यायाम, सहा महिने. मला आधी वाटलं, दुसऱ्या निम्म्यांना ताणायला तरी कशाला लावायचं, बसू द्या की घरी. मग समजलं. नुसतं बसवलं असतं तर ते खट्टू झाले असते, आणि आम्हा लोकांचं शरीर आशेवरही चालतं. व्हँकूव्हरला २००१ मध्ये औषध म्हणून मिठाचं पाणी टोचलं, तरी रोग्यांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडतं ते रसायन, सुटलं ना! तेव्हा दोन्हीकडे आशा सारखी ठेवायची. शिवाय शेवटी मोजलं ते रात्रभर गोळी बंद ठेवून, आणि मोजणाऱ्याला कोण सायकलवाला हे सांगितलेलं नव्हतं. लक्षणांच्या मोजपट्टीवर सायकलवाल्यांचं दुसऱ्यांपेक्षा ४.२ गुणांनी बरं निघालं. आकडा छोटा आहे, पण दगड जागेवर ठेवून काढलेला आहे.

आणखी एक. 'दुसरं काही घेता का?' असं थेट विचारू नकोस, सगळे नाही म्हणतील. चहा देऊन विचार. आपल्या समोरचे काका खाजकुहिलीचं चूर्ण दुधातून घेतात. त्यांच्या मते ते औषध नव्हे, 'आपलं घरगुती'. त्या बियांत लेव्होडोपाच असतं, माझ्या गोळीत असतं तेच. २००४ साली लंडनला आठ रोग्यांवर ते गोळीशी ताडून पाहिलं, तर चूर्ण गोळीपेक्षा लवकर चढलं. उद्या काका तुझ्या अभ्यासात आले आणि छान चालले, तर श्रेय तुझ्या व्यायामाला द्यायचं की दुधाला?

आणि माणसांना चालता चालता बोलतं कर. स्वीडनमध्ये १९९७ साली ५८ वृद्धांना असंच चालवलं. बोलताना १२ जण थांबले, आणि त्यातले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. घड्याळही लागलं नाही त्याला. दूधवाल्याला किती दिले एवढं विचारलं तरी पुरतं.

आमच्याकडे दोन प्रकारच्या हद्दी असतात. एक नकाशातली, दुसरी वहिवाटीची, म्हणजे माणूस प्रत्यक्ष कुठपर्यंत नांगर धरतो ती. तुझी तीन मीटरची पट्टी नकाशातली. माझी वहिवाट पलंगापासून संडासापर्यंत, रात्री दोन वाजता, दिवा न लावता, कारण आईची झोप मोडते. ती कोणी अजून मोजलेली नाही. त्या वाटेवर मी दोनदा पडलोय. आईला त्यातलं एकदाचंच माहीत आहे, तेव्हा हा कागद तिच्या हाती देऊ नकोस.

रागावू नकोस. वहीतला तो आकडा खोड आणि पुढच्या खेपेला न कळवता ये. रात्रीची गाडी सहाच्या आत स्टँडवर येते, तेव्हा माझी गोळी झालेली नसते. कडी आतून असेल. आईला मी उठू देणार नाही, दार मीच उघडीन. वेळ लागेल. तू बाहेरून 'बाबा, सावकाश' वगैरे ओरडू नकोस, उत्तर द्यायला लागलो की अडकतो. बेल वाजवलीस की घड्याळ तेवढं सुरू कर.

तुझे,
बाबा